ला पाझचे बिऱ्हाड आणि पहिले दोन दिवस

प्रश्न : माझ्या यजमानांना त्यांची उद्यमबागेतील कंपनी दोन वर्षांसाठी बोलिव्हियातील ला पाझ येथे पाठवीत आहे. मुलगा सहा वर्षांचा आहे. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या असून त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. ‘रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पाच किलोमीटर पळणाऱ्याला उंचीचे कसले भय?’ असे यजमान म्हणतात. मला मात्र धास्ती वाटते. तयारी कोठून सुरू करावी?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर, ला पाझ 3,600 मीटरच्या आसपास आणि त्याचा विमानतळ तर शेजारच्या एल आल्तो शहरात, 4,000 मीटरच्याही वर आहे. ला पाझमध्ये दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीवरच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. पळण्याने दमसास वाढतो, विरळ हवेची सवय होत नाही; उलट तंदुरुस्त माणूसच पहिल्या दिवशी भराभर जिने चढतो आणि संध्याकाळी डोके धरून बसतो. लेहला पहिल्याच दुपारी दोन बॅगा उचलून मीही हाच पराक्रम केला होता, आणि पुढचा दीड दिवस खोलीचे छत पाहण्यात गेला. आपल्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले कोणी ना कोणी असेलच. लडाखला गेल्यावर पहिले सहा दिवस कसे काढले, हे यजमानांनी त्यांना अवश्य विचारावे. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती आणि मग थोडे थोडे चालणे, हीच लष्कराची शिस्त आहे.

तिकिटे काढण्यापूर्वी मार्ग ठरवावा, कारण खरी तयारी तेथेच आहे. बोलिव्हियात बहुधा सांता क्रूझला उतरावे लागते. ते शहर अवघे 400 मीटर उंचीवर असल्याने तेथील मुक्कामाचा सवयीसाठी उपयोग नाही. तेथून थेट ला पाझ न गाठता सुमारे 2,550 मीटरवरील कोचाबांबा येथे दोन-तीन रात्री काढाव्यात. घरही ला पाझच्या दक्षिण भागात पाहावे. तो भाग मध्यवस्तीपेक्षा तीनएकशे मीटर खाली आहे.

डोकेदुखी, मळमळ आणि तुटक झोप हे त्रास बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतात. मुलगा डोके दुखते असे सांगेलच असे नाही. तो जेवेनासा झाला किंवा विनाकारण किरकिर करू लागला, तर तेच लक्षण समजावे. स्वस्थ बसूनही धाप लागणे, चालताना झोक जाणे किंवा बोलण्यात असंबद्धपणा येणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे आणि खाली उतरवावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठीच्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आधी सांगावे.

सासूबाईंना पहिल्याच खेपेस नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उंचीवर सुरुवातीचे काही दिवस रक्तदाब वाढू शकतो. शिवाय साठीनंतर पीतज्वराची लस देताना डॉक्टरांना अधिक विचार करावा लागतो. ही लस बोलिव्हियाच्या सखल भागासाठी हवी, तशीच तेथून सहा दिवसांच्या आत भारतात परतताना तिचा दाखलाही हवा, आणि तो लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो. आपण घर लावल्यावर, त्यांच्या हृदयाची तपासणी करून, त्यांना मागाहून बोलवावे.

स्वयंपाकघराचा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो पहिल्याच दिवशी उभा राहील. ला पाझमध्ये पाणी सुमारे 88 अंशांवर उकळते, त्यामुळे पातेल्यात तूरडाळ तासभर खदखदली तरी दाणा बोटाला टणकच लागतो. घरचा कुकर, दोन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह न विसरता न्यावेत. तेथे कुकरच्या आतील तापमानही इथल्यापेक्षा काही अंशांनी कमी राहते, म्हणून डाळ भिजवून घ्यावी आणि दोन शिट्ट्या वाढवाव्यात. कुंद्याचे बंद पाकीट तेथे फुग्यासारखे टम्म फुगलेले दिसले, तर कुंदा नासला असे लगेच समजू नये. बाहेरचा दाब कमी झाल्यानेही तसे होते.

कपड्यांबद्दल एवढेच की, तेथे जून ते ऑगस्ट हा हिवाळा असतो आणि ऊन बारा महिने कडक.

कागदपत्रे मात्र आजच काढावीत. अपोस्टिल म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देते ते प्रमाणन; त्यापूर्वीचे राज्याचे प्रमाणीकरण ज्या राज्यातून दाखला मिळाला तेथेच होते. त्यामुळे यजमानांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असेल तर ती महाराष्ट्राकडे, आणि मुलाचा जन्मदाखला बेळगावचा असेल तर तो कर्नाटकाकडे पाठवावा लागेल. सीमाभागातल्या माणसाला दोन सरकारांच्या दारी जाणे नवे नाही, तरी दोन्हींसाठी पुरेसे आठवडे हाताशी ठेवावेत.