मशरूम न खाता मारिओ संपवला, धरायचं का?

प्रश्न: लहानपणी कॅसेटवर खेळायचो तोच सुपर मारिओ ब्रदर्स, यावेळी ठरवलं की मोठं करणारा मशरूम एकही खायचा नाही, वार्प झोनही (मधल्या लेव्हल गाळून पुढे नेणारा शॉर्टकट) नाही, सगळ्या 32 लेव्हल छोट्या मारिओनेच. दोन महिन्यांनी परवा झाला! पण 8-3 ला (वर्ल्ड 8 ची तिसरी लेव्हल) गेम ओव्हर झाल्यावर ए बटण धरून स्टार्ट दाबलं आणि वर्ल्ड 8 पासून परत सुरू केलं. मित्र म्हणतो हे धरत नाहीत.

उत्तर: आधी मनापासून अभिनंदन! मला विचाराल तर धरायचंच, कारण नियम तुमचा होता आणि त्यात कंटिन्यू नको असं कुठे होतं, शिवाय ते ए-स्टार्ट 1985 च्या मूळ गेममध्येच दिलेलंय, बाहेरून आणलेलं नाही. आणि 8-3 म्हणजे काय ते मला माहितेय हो, हातोडे फेकणाऱ्यांच्या जोड्या, हातात फायरबॉल नाही, एक हातोडा लागला की लाइफ गेली, बरं थांबून वाट बघावी तर तेच अंगावर चालून येतात, त्यामुळे उडीचा अंदाज घेऊन खालून सटकायचं एवढंच उरतं. मित्राचं समाधान करायचंच असेल तर पुढच्या वेळी कंटिन्यूशिवाय करा, शेवटच्या 8-4 मधले कुठल्या पाइपातून जायचं ते आता पाठ झालंच असेल.