ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात खिडकीबाहेरच्या काँक्रीटच्या सिल रंगवता येतील का?

तुमचं घर १९३० च्या दशकातलं, सिलच्या (खिडकीखाली बाहेर आलेल्या पट्टीच्या) रंगाचे पोपडे निघतायत, नाताळात पाहुणे येणार आहेत आणि फोनवर नऊ अंश दिसतायत. रंगाच्या डब्यावर 'पाच अंशांच्या वर' लिहिलंय, मग अडचण काय, असं तुम्ही विचारलंय.

हेच वाक्य २०१९ च्या नोव्हेंबरात माझ्या नवऱ्याने लेस्टरच्या आमच्या अंगणात उभं राहून म्हटलं होतं. तेव्हा माझे बाबा संगमनेरहून व्हिडिओ कॉलवर होते. बाबा गवंडी. चाळीस वर्षं हातात थापी. मी फोन सिलजवळ धरला तर त्यांनी रंगाबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाले, "खालून बोट फिरव. पुढच्या कडेला चर लागतो का बघ." नवरा म्हणाला, बाबांना तिकडच्या उन्हातलं कळतं, इथल्या थंडीचं त्यांना काय माहीत? फोन स्पीकरवर होता. बाबा काही बोलले नाहीत, जेवायला बसतो म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग एक रंगारी आला. सकाळी दहाला पहिला हात मारला, सिलवरचं दव नुसतं फडक्याने पुसून. तीनला दुसरा. चारला अंधार. दुसऱ्या दिवशी सगळ्या सिलवर तपकिरी, चिकट ओघळ. रंग सुकण्याआधी दव पडलं की त्यातले साबणासारखे घटक असे बाहेर येतात. फेब्रुवारीत एकेक पोपडा नखाने उचलला तर आतली बाजू ओली आणि तिला सिमेंटची भुकटी चिकटलेली.

फोनवरचे नऊ अंश हवेचे असतात. काँक्रीट रात्रभर गारठलेलं असतं आणि उत्तरेकडच्या सिलला इथे हिवाळाभर ऊन लागत नाही. पाण्यातला मेसनरी पेंट (भिंती-काँक्रीटवर बाहेरून लावायचा रंग) सुकतो म्हणजे पाणी उडतं आणि अॅक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळून एकसंध पापुद्रा होतो. गारठ्यात ते कण नीट मिसळत नाहीत. वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आत धरलेला नसतो. शिवाय दव. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान तीन अंश गरम हवा, आणि रंग सुकेपर्यंत तसाच राहायला हवा.

पण आमच्याकडे खरं दुखणं थंडीचं नव्हतंच. मार्चमध्ये मी शिडी लावली आणि बोट फिरवलं. चर होता, पण वर्षानुवर्षांच्या रंगाने आणि कुणीतरी भरलेल्या सिमेंटने बुजला होता. त्या चरामुळे पाणी कडेलाच थेंब होऊन खाली पडतं. चर बुजला की ते सिलच्या पोटाखालून भिंतीपर्यंत चालत जातं. काँक्रीट खालून ते पितं, आणि गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. वरून कितीही महागडा रंग लावा, तो मागून ढकलला जाणारच. संगमनेरला बाबा छज्जा भरताना शटरिंगवर लाकडी पट्टी ठोकून हाच चर ठेवायचे. पाऊस तिथला असो की इथला, पाणी त्याच वाटेने जातं. हे मी नवऱ्याला तेव्हा सांगायला हवं होतं, बाबांच्या देखत.

मी जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने चर मोकळा केला, सुटलेला सगळा रंग खरवडला, तारेच्या ब्रशने घासलं, शेवाळावर फंगसनाशक मारलं आणि सिल मेपर्यंत उघड्या ठेवल्या. मग भेगा बाहेरच्या कामाच्या सिमेंट फिलरने भरल्या, हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत होती तिथेच ती भुकटी धरून ठेवणारा स्टॅबिलायझर लावला, आणि दोन हात, मध्ये एक रात्र. त्या सिल आजही शाबूत आहेत.

तुम्ही आत्ता खरवडणं, घासणं आणि चर मोकळा करणं एवढं करून घ्या, याला थंडी आड येत नाही. सिल उघडी राहिली तर लाज वाटून घेऊ नका. पाहुण्यांसाठी रंग हवाच असेल तर सलग दोन-तीन कोरडे दिवस बघा, दक्षिणेकडच्या सिल तेवढ्या घ्या, अकरा ते एकच्या दरम्यान, आणि पाण्याऐवजी सॉल्व्हंटमधला, प्लायोलाइट रेझिनचा मेसनरी पेंट घ्या. तो गारठ्यात पुष्कळ बरा धरतो. डब्यावरचा आकडा मात्र वाचा. ओल्या काँक्रीटवर तोही टिकणार नाही. हेअर ड्रायरने सुकवायच्या फंदात पडू नका, वरचं सुकतं आणि आतलं तसंच राहतं. रात्री शून्याखाली जाणार असेल तर फिलर भरू नका.

रंगारी बोलावणार असाल तर दर विचारण्याआधी चराबद्दल विचारा. 'तो कशाला बघायचा' म्हणाला तर दुसरा शोधा.

आधी सांगायला हवं होतं ते राहिलं: घर इतकं जुनं आहे तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडा सँडपेपर मारू नका, ओलं करून खरवडा, मास्क लावा. भेगेतून गंजाचा डाग येत असेल तर आतली सळई फुगतेय, तिथे फिलर भरून भागणार नाही. आणि सिल दगडाची निघाली तर हे सगळं विसरा, दगडावर हा रंग लावायचाच नाही.