पहिल्याच सेमिस्टरला दोन लॅब?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी ऑगस्टअखेर युनिव्हर्सिटीत जाणार, पुढे मेडिकलचा विचार आहे. त्या लिहितात: "ओरिएंटेशनला तिने जनरल केमिस्ट्री, इंट्रोडक्टरी बायोलॉजी, कॅल्क्युलस २ आणि रायटिंग असे चार कोर्स घेतले. अॅडव्हायझर म्हणते, बायोलॉजी नंतर घे. आम्हाला पटत नाही. आपण बारावीला पीसीएमबी चारही विषय एकदम केले, क्लास सांभाळून. हिला दोन सायन्स झेपू नयेत? बाकीच्या मुली पुढे निघून जातील." खाली आणखी चार प्रश्न आहेत, ते शेवटी बघू. आधी हा, कारण दर उन्हाळ्यात हीच चूक घरोघरी होते.

ताई, तुमची धास्ती कळते. पण बारावीचं माप इथे लावू नका. आपली परीक्षा वर्षाअखेर एकदाच. दिवाळीपर्यंत मागे पडलेलं पोर जानेवारीत कंबर कसून भरून काढायचं, जर्नल शेवटच्या आठवड्यात पूर्ण करून सही घ्यायचं. इथे सेमिस्टर सुमारे पंधरा आठवड्यांचं आणि मार्क पहिल्या आठवड्यापासून जमा होतात. होमवर्क, क्विझ, लॅब रिपोर्ट, दोन-तीन मिडटर्म आणि शेवटी फायनल. सप्टेंबरात गेलेले मार्क डिसेंबरात परत मिळत नाहीत.

आता कागद घ्या आणि तिचे तास मोजा. एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास बाहेर अभ्यास, ही अमेरिकेतली क्रेडिटची सरकारी व्याख्या. लॅबचं गणित वेगळं. बहुतेक ठिकाणी तीन तासांच्या लॅबला एकच क्रेडिट मिळतं. केमिस्ट्री ४ क्रेडिटची: लेक्चर ३ तास, रेसिटेशन (छोट्या गटातला सरावाचा तास) १, लॅब ३, लेक्चरचा अभ्यास ६, प्री-लॅब (लॅबआधीची तयारी) आणि रिपोर्ट मिळून ३. झाले १६. बायोलॉजीला रेसिटेशन नाही असं धरा, तरी १५. कॅल्क्युलस १२, रायटिंग ९. रजिस्ट्रेशनच्या पानावर दिसतात १५ क्रेडिट आणि प्रत्यक्षात आठवड्याचे होतात ५२ तास. घरापासून पहिल्यांदाच लांब गेलेली, स्वतःचे कपडे स्वतः धुणारी अठरा वर्षांची मुलगी हे करणार आहे.

बायोलॉजी काढून ३ क्रेडिटचं स्टॅटिस्टिक्स घेतलं तर बेरीज ४६ वर येते. सहाच तास वाचले, असं तुम्ही म्हणाल. खरा त्रास तासांच्या बेरजेत नाही, ते तास कुठे येऊन पडतात त्यात आहे.

एका लॅबचा आठवडा बघा. टायट्रेशन आहे, म्हणजे अॅसिडमध्ये बेस थेंबाथेंबाने टाकून अॅसिडची तीव्रता काढायची. आदल्या रात्री प्री-लॅब क्विझ, ती चुकली की काही ठिकाणी लॅबमध्ये उभं राहू देत नाहीत. लॅबमध्ये ब्युरेटचं रीडिंग दोन दशांश स्थळांपर्यंत घ्यायचं, २३.४ लिहिलं तर मार्क कापले, २३.४० लिहायचं. तीन रीडिंग जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा. घरी येऊन सरासरी, सिग्निफिकंट फिगर्स, चूक किती आणि कशामुळे याची चर्चा. "ह्यूमन एरर" एवढंच लिहिणाऱ्याला चर्चेचे मार्क मिळत नाहीत. इंडिकेटर फिकटऐवजी गडद गुलाबी झाला, म्हणजे एंड पॉइंट (थांबायची खूण) ओलांडला, म्हणून बेस जास्त पडला आणि अॅसिडची तीव्रता वाढून आली, अशी साखळी लिहावी लागते. पहिले चार-पाच रिपोर्ट तीन तासांत होत नाहीत, पाच-सहा लागतात. हे दर आठवड्याला दोनदा, दोन वेगळ्या पद्धतींनी, दोन वेगळ्या टीएंच्या (लॅब घेणाऱ्या सहाय्यकांच्या) अपेक्षांप्रमाणे. माझ्या भाच्याच्या वेळापत्रकात मंगळवारी आणि बुधवारी अशा लागोपाठ लॅब होत्या. केमिस्ट्रीचा रिपोर्ट आणि बायोलॉजीची प्री-लॅब दर मंगळवारी रात्री एकमेकांवर आदळायच्या, आणि मागे पडायचं ते कॅल्क्युलस.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची. मोठ्या कोर्सेसच्या पहिल्या मिडटर्म साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात येतात, सगळ्यांच्या एकदम. कोर्स बिनडाग काढून टाकायची मुदत मात्र बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच संपते. म्हणजे झेपत नाही हे मुलीला कळेल तेव्हा ते दार बंद झालेलं असतं. उरतो फक्त डब्ल्यू, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची गुणपत्रिकेवरची नोंद. एक डब्ल्यू म्हणजे आकाश कोसळत नाही, पण १५ मधून ४ गेले की ११ उरतात, आणि पूर्णवेळ विद्यार्थी राहायला सहसा १२ लागतात. स्कॉलरशिप असलेल्यांनी आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी हा आकडा पाठच करून ठेवावा. म्हणून मुलं डब्ल्यू घेत नाहीत, रेटत राहतात आणि दोन्हीकडे सी येतो. दोन सायन्समध्ये सी, कॅल्क्युलसमध्ये बी, रायटिंगमध्ये ए: पंधरा क्रेडिटचा जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, २.६७. मेडिकलच्या अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा जीपीए वेगळा काढतात आणि पुन्हा घेतलेल्या कोर्सचे दोन्ही ग्रेड धरतात. युनिव्हर्सिटीने जुना ग्रेड पुसला तरी अर्जात तो दिसतोच. "पुढे निघून जाणं" म्हणता ते हे नव्हे, ताई.

मग केमिस्ट्रीच का ठेवायची आणि बायोलॉजी का पुढे ढकलायची? कारण लांब साखळी केमिस्ट्रीची आहे. जनरल केमिस्ट्री दोन सेमिस्टर, त्यावर ऑर्गॅनिक दोन, त्यावर बायोकेमिस्ट्री. एक कडी सुटली की पुढच्या सगळ्या सरकतात, आणि दुसरा भाग काही ठिकाणी फक्त स्प्रिंगमध्येच (जानेवारीच्या सेमिस्टरला) असतो. २०१५ पासून एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, बायोकेमिस्ट्री ठळकपणे आहे, म्हणजे ती परीक्षेआधी झालेली बरी. आत्ता केमिस्ट्री सुरू केली की तिसऱ्या वर्षाच्या फॉलला (ऑगस्टच्या सेमिस्टरला) बायोकेमिस्ट्री येते आणि स्प्रिंगला एमकॅट. बायोलॉजी दुसऱ्या सेमिस्टरला किंवा दुसऱ्या वर्षी सुरू झाली तरी काही अडत नाही. उलट पेशीचं पटल, पीएच, एन्झाइम शिकताना बाँड आणि बफर आधी कळलेले असले तर बायोलॉजी निम्मी हलकी होते. दोन लॅब पुढे कधीतरी एकत्र घ्याव्या लागतीलच. तोवर रिपोर्ट कसा लिहायचा हे तिच्या हातात बसलेलं असेल.

केमिस्ट्रीला तरी ती तयार आहे का, ते आज रात्री पाहा. वही-पुस्तक बंद, दहा मिनिटं: ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन पेटवले, तर पाणी किती ग्रॅम, आणि उरलं काय? हायड्रोजन २ मोल, ऑक्सिजन अर्धा मोल. दोनास एक या प्रमाणात ऑक्सिजन आधी संपतो, पाणी १ मोल म्हणजे १८ ग्रॅम, आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. "४ कमी, म्हणून हायड्रोजन आधी संपेल" असं उत्तर आलं तर जुलैचे चार आठवडे मोल, एककं आणि लॉगरिदमला द्या, रोज पाऊण तास. पहिला महिना "हे तर हायस्कूलमध्ये झालंय" म्हणून ढिलाई होते आणि ऑक्टोबरात थर्मोकेमिस्ट्री सुरू झाली की पाय घसरतो. केमिस्ट्रीत अडकणारी बरीच मुलं गणितातच अडकलेली असतात.

लॅबची वेळ निवडताना बुधवार-गुरुवार बघा. रिपोर्ट बहुधा पुढच्या लॅबला द्यायचा असतो, मग शनिवार-रविवारी लिहून झाल्यावरही एक-दोन दिवस हातात राहतात. संध्याकाळी सहा ते नऊची लॅब शेवटचा पर्याय. लेक्चर सोडलं की बहुतेक ठिकाणी लॅबही आपोआप जाते, हे रजिस्ट्रेशन बदलताना लक्षात असू द्या.

आता बाकीचे प्रश्न. "एपी बायोलॉजीला ४ आहेत, क्रेडिट घ्यावं का?" एपी म्हणजे हायस्कूलमधली कॉलेजच्या पातळीची परीक्षा, गुण ५ पैकी. युनिव्हर्सिटी देत असेल तर घ्या, पण अनेक मेडिकल स्कूल्सना त्याच विषयातला वरचा कोर्स हवा असतो, हव्या त्या शाळांची पानं उघडून बघा. "प्रोफेसरांना मी ईमेल करू का?" नको. १९७४ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात गेलेल्या मुलाच्या नोंदींवर हक्क त्याचा असतो, तिच्या लेखी संमतीशिवाय तुम्हाला सहसा उत्तर मिळणार नाही आणि तिला मात्र संकोच होईल. ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसर विद्यार्थ्यांना भेटतात त्या वेळेला, तिलाच जाऊ दे. "धाकट्याला कॉम्प्युटर सायन्स करायचंय, तो अॅस्ट्रॉनॉमी घेतो म्हणतो, वाया जाईल का?" त्याची अट लॅबसकट सायन्सची आहे का एवढं विचारा. असेल तर लॅबवालीच अॅस्ट्रॉनॉमी घ्यावी. मात्र पुढे इंजिनिअरिंगकडे वळायचा विचार असला तर कॅल्क्युलसवालं फिजिक्सच लागेल, अल्जिब्रावालं सहसा चालत नाही.

"पुस्तकं आणि लॅबचं सामान इथूनच घेऊन ठेवू का?" पुस्तक आत्ता नको, सिलॅबस हाती आल्यावर बघा. बऱ्याचदा ऑनलाइन होमवर्कचा कोड वेगळा विकत घ्यावा लागतो आणि जुन्या प्रतीत तो वापरून झालेला असतो. गॉगल मात्र घ्या, चारही बाजूंनी डोळे झाकणारे, स्प्लॅशवाले. सोबत लांब पँट आणि बंद बूट. पहिल्याच लॅबला सॅंडल घालून गेलेल्या मुलीला दारातूनच परत पाठवतात, आणि ती लॅब सहसा भरून देत नाहीत.