वाचकांचे प्रश्न : गोल्ड स्टेटस आहे, मग अपग्रेड कुठे?

प्रश्न : मुलगा डेन्व्हरला असतो. माझ्याकडे युनायटेड एअरलाइन्सचं प्रीमियर गोल्ड (नेहमी प्रवास करणाऱ्यांना कंपनी देते तो दर्जा) आहे आणि तिकीट मुंबई-फ्रँकफर्ट-नेवार्क-डेन्व्हर, पहिली फ्लाइट लुफ्तान्साची, पुढच्या दोन युनायटेडच्या. तिकीट एकच आहे तर वरचा क्लास सगळीकडे मिळेल ना?
– एक काका, ठाणे

उत्तर : काका, नाही मिळणार, आणि हे नियम इतके विखुरलेले असतात की भल्याभल्यांचा घोळ होतो. तिकीट एक असलं तरी अपग्रेड, म्हणजे वरचा क्लास, प्रत्येक टप्प्याचं वेगळं बघतात. युनायटेडचं फुकट अपग्रेड मुख्यतः अमेरिकेतल्या फ्लाइट्सवर चालतं, म्हणजे तुमच्या बाबतीत फक्त नेवार्क-डेन्व्हर, तेही सीट रिकामी असेल आणि तुमच्यापेक्षा वरच्या स्टेटसवाले पुढे नसतील तरच. फ्रँकफर्ट-नेवार्कला विमान युनायटेडचंच आहे पण लांब पल्ल्याचं, तिथे हे लागू नाही. लुफ्तान्सावर तर मिळण्याचा प्रश्नच नाही, ती कंपनीच वेगळी.

पण गोल्ड वाया गेलं असं समजू नका हं, तुमचं कार्ड स्टार अलायन्स (युनायटेड, लुफ्तान्सा वगैरे विमान कंपन्यांचा गट) गोल्डसुद्धा आहे, त्यामुळे मुंबईत आणि फ्रँकफर्टला लाउंज, चेक-इनला वेगळी रांग, आणि एक जादा बॅग. माझ्या मते एवढ्या लांबच्या प्रवासात हेच जास्त कामाचं.

बुकिंगमध्ये लुफ्तान्साच्या फ्लाइटलाही तुमचा मायलेजप्लस नंबर (युनायटेडचा सभासद क्रमांक) लागलाय ना ते आधी बघा, नाहीतर काउंटरवर गोल्ड दिसतच नाही. आणि नेवार्कला बॅगा स्वतः घेऊन कस्टममधून काढून परत द्यायच्या असतात, थेट डेन्व्हरला जात नाहीत.