आमचा व्हिंटेज क्लब (जुन्या जमान्याचे कपडे, जुन्या रेकॉर्ड्स आणि नाच) नव्या हॉलमध्ये आला, पण जुन्या जागेसारखी रंगत येत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की हॉल मोठा आहे, खाली टाइल्स आहेत, रेकॉर्ड प्लेअर स्टेजवर ठेवलाय, सुई सारखी उडते आणि नाचायला फारसं कोणी उठत नाही. सजावट तूर्त बाजूला ठेवा, आधी जमिनीचं बघा.

स्विंग नाचाला, म्हणजे जुन्या जॅझवरच्या उड्या-गिरक्यांच्या जोडीनाचाला, लाकडी, किंचित लवणारी जमीन लागते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला सॅव्हॉय बॉलरूम हा नाचाचा हॉल (१९२६ ते १९५८) तशा जमिनीसाठीही नावाजला होता. काँक्रीटवरच्या टाइल्सवर तासभर उड्या मारल्या की गुडघे बोलायला लागतात आणि लोक गुपचूप खुर्ची गाठतात. एका कोपऱ्यात जुळवता येणारी लाकडी डान्स फ्लोअर अंथरा, खाली फोमचा थर द्या. ती मुद्दाम लहान ठेवा. मोठ्या मोकळ्या जागेत पहिलं पाऊल टाकायला धीर होत नाही. लहान जागेत चार जोड्या उतरल्या तरी भरलेलं वाटतं.

प्लेअर स्टेजवरून उतरवा. पोकळ फळ्यांवर कोणी चाललं की हादरा थेट सुईला बसतो. भक्कम, जड टेबल टाइल्सवरच, डान्स फ्लोअरच्या शेजारी ठेवा, आणि पेयांपासून लांब! ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या बहुतेक रेकॉर्ड्स लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे एक ग्लास सांडला तरी रेकॉर्ड हातची गेली.

अशा दहा इंची रेकॉर्डची एक बाजू जेमतेम तीन मिनिटं चालते. मग कोणीतरी उठतं, रेकॉर्ड उलटतं, सुई बदलतं. ती खंड पडलेली मिनिटं मला फार मोलाची वाटतात, कारण तेव्हाच जोड्या बदलतात आणि नवा माणूस विचारू शकतो, 'पुढच्याला येता का?' फोनवरची सलग प्लेलिस्ट लावून ती संधी घालवू नका.

छतावरच्या ट्यूबलाइट बंद करून टेबलांवर २७०० केल्विनचे पिवळे दिवे ठेवा, चेहरे लगेच खुलतात. खुर्च्यांमधल्या वाटा रुंद हव्यात, कारण १९४७ नंतरच्या धाटणीचे घेरदार स्कर्ट अडकले की फाटतात. मणीकाम केलेले जुने ड्रेस कपडे बदलायच्या खोलीत हँगरला लटकवू नका, वजनानं खांद्यावर उसवतात. आडवे ठेवायला एक लांब टेबल द्या.

पडदे, पोस्टर्स दोन-तीन बैठकांनंतर लावा. तोवर लोक आपसूक कुठे घोळका करतात ते कळेल, भिंती त्याप्रमाणे सजवा.