कयाकमधून डॉल्फिन दिसतील का?

प्रश्न: येत्या मार्गशीर्षात, अष्टमीच्या सुमारास आम्ही तारकर्लीला येतोय. गेल्या वर्षी मोटरबोटीने डॉल्फिन बघायला गेलो, तर चार बोटींनी एकाच कळपाला घेरलं. माझ्या बारा वर्षांच्या लेकीला ते फार लागलं. कयाकला इंजिन नसतं, म्हणून या वेळी कयाकमधून जवळ जावं म्हणते. जमेल का? मला पोहता येत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, लेकीचं बरोबर आहे. त्या कळपात बहुतेक पिल्लू असणार. आपल्या किनाऱ्यालगत दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते आईच्या कुशीला चिकटून पोहतं. घेरलं की आई बुडी मारते, पण पिल्लाला श्वासासाठी लवकर वर यावं लागतं.

कयाकला आवाज नसतो हे खरं, पण म्हणूनच तुम्ही अचानक अगदी जवळ पोचता आणि ते दचकतात. शिवाय पोहता येत नसताना उघड्या समुद्रात कयाक नकोच. डॉल्फिन बघायला पहाटे किनाऱ्यावर बसा, नाहीतर लांब थांबून इंजिन बंद करणारा होडीवाला शोधा. शांत पाण्यावर आधी 'फूस्स' असा श्वास ऐकू येतो, मग राखाडी पाठ दिसते.

कयाक कर्ली खाडीत चालवा. वेळ मात्र तिथीवरून ठरवा. तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना हिशेब. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाच्या आगेमागे भरती. त्यातून अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान, ओढ कमी. उजाडल्यावर निघा आणि आधी खाडीत आत, वरच्या अंगाला जा. परतताना दमलेल्या हातांना ओहोटीची साथ मिळेल. दहाच्या आत काठाला लागा, त्यानंतर खारा वारा जोर धरतो.

देवबागला खाडी समुद्राला मिळते, त्या मुखाकडे अजिबात जाऊ नका. शिकत होते तेव्हा पौर्णिमेच्या ओहोटीत मी तिथे गेले होते. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात, तिथे उंच, उभ्या लाटा उठतात. वल्हं हातातून गेलं. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं टाकणाऱ्या होडीने ओढून आणलं, म्हणून वाचले.

लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळा. खांद्याला धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर दुसरं मागा. लेकीला पुढे बसवा. कांदळवनाजवळ आलात की दोघींनी वल्ही मांडीवर घेऊन पाच मिनिटं गप्प बसा. खंड्या पाण्यात सूर मारतो, चिखलावर खेकडे एकेक करून बिळाबाहेर येतात. नशीब असेल तर पाणमांजराचं ओलं डोकं वर येईल. आलं, तर वल्ह्याला हातही लावू नका.