ऋतू पालटताना घरातल्या कोणत्या साध्या गोष्टींनी अलीकडे तुम्हाला आनंद दिला?

आपण विचारले आहे की, थंडी सरून उन्हाळा लागताना घरातल्या कोणत्या साध्या गोष्टींनी आणि नित्याच्या कामांनी अलीकडे आनंद दिला. मी नाशिकच्या जुन्या वस्तीत राहतो, शाळेत विज्ञान शिकवत असे आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तेव्हा उत्तरात मधूनच मास्तरकी डोकावली तर तो सवयीचा दोष समजावा. नोकरीच्या काळात फाल्गुन-चैत्र म्हणजे परीक्षा, पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एवढेच मला ठाऊक होते आणि उन्हाळा आल्याचे मला पंख्याचे बटण दाबताना कळत असे. या दिवसांत घरात केवढी उलथापालथ चालते, ते मी गेल्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिले आणि यंदा तिच्यात हात घातला.

आधी कवडशाचे सांगतो. आमच्या घराचे मागचे दार दक्षिणेला, थेट परसात उघडते; त्यावर छज्जा नाही आणि समोर उंच इमारतही अजून उभी राहिलेली नाही. दार सात फूट उंच आहे आणि आत एकेक फुटाच्या जुन्या फरश्या आहेत, त्यामुळे ऊन किती आत आले हे मोजायला टेप लागत नाही. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी हे ऊन साडेसहा फरश्या आत, म्हणजे आईच्या आरामखुर्चीपर्यंत येत होते आणि ती त्यात पाय सोडून बसत असे. 21 मार्चच्या सुमारास ते अडीच फरश्यांवर आले आणि आता, एप्रिलच्या मध्यावर, जेमतेम सव्वा फरशी उरले आहे. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने 20 मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येईल, कवडसा उंबऱ्याबाहेर जाईल आणि पुढचे दोन महिने परतायचा नाही. (कोणाला घरी मोजून पाहायचे असेल तर एक सांगतो: नाशिकची भर दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही, ती साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान होते, कारण आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे आणि आम्ही त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत.) जेवायला बसण्यापूर्वी मी उन्हाच्या कडेला खडूने एक बारीक रेघ ओढतो, संध्याकाळी पत्नी फरशी पुसताना ती पुसून टाकते आणि दुसऱ्या दिवशी मी नवी ओढतो. या उद्योगाचा घराला काडीचाही उपयोग नाही, हे मला मान्य आहे.

आई मात्र ऋतू ओळखते तो डब्यांवरून. होळी झाली की बाजरीचा डबा घासूनपुसून उन्हात पालथा घातला जातो आणि ज्वारीचा पुढे येतो. बाजरी उष्ण, ती थंडीतच खावी, हे तिचे कारण. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश अधिक असल्याने उकाड्यात ते लवकर कडवट होते, हे माझे. दोन्ही कारणांचा निकाल एकच लागत असल्याने वाद होत नाही. ज्वारीची भाकरी, सायीच्या दह्याचे ताक आणि कांदा-कैरीचा तक्कू एवढे ताटात असले की आम्हा तिघांना दुपारी आणखी काही नको असते.

पाडव्याच्या आधी नवा माठ आणला. कुंभारवाड्यात माठ घेताना बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा असतो. खणखणीत वाजला तर चांगला भाजलेला आणि बद्द वाजला तर कुठेतरी तडा असण्याची शक्यता. घरी आणल्यावर तो दिवसभर पाण्याने भरून ठेवायचा, ते पाणी झाडांना घालायचे आणि मगच पिण्याचे भरायचे. मी वर्गात बाष्पीभवन शिकवताना, एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला नेहमीच्या तापमानाला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते आणि माठातून पाझरणारे पाणी ती उष्णता आतल्या पाण्यातूनच घेते, हे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, पण घरी तेव्हा फ्रीजमधली बाटली तोंडाला लावत होतो. आता सकाळी माठाच्या पोटावरून हात फिरवला की ओल तळहाताला लागते आणि तेच 580 हातात आल्यासारखे वाटते. मुंबईला राहणारा माझा धाकटा भाऊ, तिकडे माठातले पाणी गारच होत नाही, अशी तक्रार करतो. त्यात माठाचा दोष नाही. तिथली हवाच इतकी दमट की पाझरलेल्या पाण्याची वाफ व्हायला वाव नाही. आमची कोरडी हवा ओठ फोडते खरी, पण पाणी गार करून देते. माठात वाळ्याची जुडी टाकावी की नाही यावर घरात दोन तट आहेत. मला तो वास आवडतो. आईला पाणी पाण्यासारखे लागते.

पण यंदाचा खरा सोहळा कुरडयांचा झाला. आजवर कुरडईशी माझा संबंध तळलेल्या अवस्थेतच येत असे आणि लहानपणी फार तर काठी घेऊन गच्चीवर कावळे हाकलण्याचे काम मिळत असे. या वर्षी पत्नीचा खांदा दुखत असल्याने चीक घाटायचे काम माझ्याकडे आले. तीन किलो गहू भिजत घातले, रोज पाणी बदलले. तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटला तेव्हा ते खराब झाले, असे मी जाहीरही केले. आईने एक दाणा चिमटीत धरून दाबला, त्यातून पांढरा ठिपका बाहेर आला आणि ती म्हणाली, "बघ, तयार झाले." चौथ्या दिवशी ते वाटून, पंच्यातून पिळून, पातेल्यात रात्रभर ठेवले. सकाळी वर पिवळसर निवळ आणि खाली पांढराशुभ्र, घट्ट बसलेला चीक होता. निवळ अलगद ओतून टाकायची असते. माझ्या हातून थोडा चीकही गेला, तो मी कोणाला सांगितला नाही.

चीक शिजवण्याचे माप सोपे आहे, जितका चीक तितकेच पाणी, एकाच पातेल्याने मोजलेले. पहाटे पाचला पाण्याला आधण आले, त्यात हिंग आणि मीठ घातले. मिठाच्या बाबतीत आईचा नियम असा की, शिजलेला चीक चाखून किंचित अळणी लागला पाहिजे, कारण वाळताना पाणी उडते आणि मीठ तेवढेच राहते. हे मी वर्गात द्रावणांच्या धड्यात सांगायला हवे होते. मग पत्नीने एका हाताने चिकाची बारीक धार धरली आणि मी लाकडी उलथण्याने घाटू लागलो. पहिली दोन मिनिटे ते दूधपाण्यासारखे हलते. मग एका क्षणी, काहीही इशारा न देता, सगळे पातेले घट्ट होते आणि उलथणे अडते. पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगतात ते हेच, पण त्या क्षणी मला शास्त्र आठवले नाही, फक्त दंड भरून आल्याचे जाणवले. मी श्वास घ्यायला थांबलो, तेवढ्यात तळाशी गाठी झाल्या. झाकण ठेवून वाफ आणल्यावर चिकाचा पांढरेपणा जातो, त्याला काचेसारखी झाक येते आणि ओला हात लावला तर तो चिकटत नाही. या वेळी एका वाटीत गरम चीक काढून त्यावर कच्चे तेल घालून खायचा असतो. आई तो दूध-साखर घालून खाते आणि आम्हाला हसते.

पुढे गच्चीवर जुने लुगडे अंथरून सोऱ्याने कुरडया घालणे हे पत्नीचे कौशल्य. दुखऱ्या खांद्यानेही तिने प्रत्येक कुरडई अडीच वेढ्यांत संपवली. मी घातलेल्या कुरडया गाठींमुळे मध्येच तुटत होत्या आणि तुटलेली तार जोडायला गेलो की बोटे भाजत होती. उरलेल्या चोथ्यात तिखट-मीठ आणि तीळ घालून भुसवड्या झाल्या. त्यांना कुरडईचा मान नाही, पण वरणभाताबरोबर मला त्याच जास्त आवडतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ईशान्येकडे ढग जमले. आम्ही दोघांनी लुगड्याची चार टोके धरून सगळा पसारा जिन्यावरून खाली आणला. शेजारच्या वहिनी त्यांचे पापड गोळा करत होत्या आणि वरून एकमेकींना किती थेंब पडले याची खबर दिली जात होती. थेंब मोजून दहा-बारा पडले असतील. आमचे फार तर तीन किलो गहू गेले असते; निफाड-दिंडोरीकडे ज्यांचे द्राक्षांचे घड अजून वेलींवर होते, ते त्या तासाभरात आकाशाकडे कसे पाहत असतील, याची कल्पना आल्याने त्या दिवशी पावसाला छान म्हणण्याचे धाडस घरात कोणी केले नाही.

संध्याकाळचे थोडक्यात सांगतो. परसात पाण्याचा सडा घालतो, शेजारच्या कडुलिंबाचा बारीक पांढरा मोहोर त्यावर येऊन पडतो आणि अंधार पडू लागला की त्याचा गोडसर वास दारापर्यंत येतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी आंबेडाळ आणि पन्हे झाले. पन्ह्यात साखर की गूळ हा प्रश्न आमच्याकडे उपस्थितच होत नाही, गूळच. रात्री गच्चीवर गादी टाकली की झोप लागेपर्यंत पूर्वेला चित्रा वर चढलेली दिसते, आणि महिन्याला चैत्र हे नाव ज्या नक्षत्रावरून पडले ते तेच, हे मी पत्नीला दर वर्षी नव्याने सांगतो.

तीन उन्हे खाऊन कुरडया काल कडकडीत वाळल्या आणि आईने त्या स्वतः डब्यांत भरल्या. आमच्याकडे दोन डबे असतात, एक पाहुण्यांचा आणि एक घरचा. तिने चष्मा लावून एकेक कुरडई उजेडाकडे धरून पाहिली. पत्नीच्या सगळ्या पाहुण्यांच्या डब्यात गेल्या. माझ्या घातलेल्यांपैकी एक तिने बराच वेळ हातात धरली, आता ही तरी पलीकडे जाईल असे मला वाटले, पण तिने ती घरच्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "चवीला काही फरक नाही हो."